वाट अडते तेव्हा आजार वाढतो: पॅलेस्टिनी वस्त्यांमधला दवाखाना आणि मन

इस्रायलच्या लष्करी ताब्यातल्या वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, हेब्रॉन शहराच्या खालच्या अंगाला मसाफर यत्ता नावाचा उजाड, डोंगराळ मुलूख आहे. इथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्या राखत आली. काही कुटुंबं आजही खडकातल्या गुहांमध्ये राहतात. १९८०च्या दशकात इस्रायली लष्कराने या मुलखातला मोठा पट्टा गोळीबाराच्या सरावासाठी राखून ठेवला. त्याला ‘फायरिंग झोन ९१८’ असं नाव मिळालं. वीस वर्षांहून जास्त काळ कोर्टकचेरी चालली आणि मे २०२२मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या विरोधात निकाल दिला.

आता अशा वस्तीतली एक बाई डोळ्यांसमोर आणा. सहावा महिना चालू आहे, पायांना सूज आहे, डोकं ठणकतंय. आपल्याकडची कुठलीही आशाताई सांगेल की हिचा बीपी आजच तपासायला हवा. नकाशावर यत्ता गाव जवळच दिसतं. पण रस्ता कच्चा आहे, मध्ये लष्कराची गाडी उभी असू शकते, वाटेत आसपासच्या इस्रायली वसाहतींतले हत्यारबंद लोक अडवतील ही धास्ती आहे, आणि राखीव हद्दीत चालवली म्हणून गाडीच जप्त होऊ शकते. नवरा म्हणतो, उद्या जाऊ. उद्याही तेच. बीपी तपासायला पाच मिनिटं लागतात. तिथवर पोहोचायला कधी आख्खा दिवस जातो, कधी आठवडा.

पॅलेस्टाइनमधल्या आरोग्यसेवेचा विषय निघाला की आपल्यापुढे गाझातली उद्ध्वस्त इस्पितळं येतात. ते चित्र खरंच आहे, त्याकडे मी येणारच आहे. पण त्याच्याही आधीपासून चालत आलेली, फोटोत न मावणारी एक अडचण आहे, आणि ती समजल्याशिवाय बाकीचं नीट कळत नाही. डॉक्टर आहे, औषध आहे, रुग्णही आहे. मधली वाट मात्र तिसऱ्याच कुणाच्या हातात आहे. ही वाट रोज अडत राहिली की शरीराचं जे होतं ते होतंच, शिवाय मनाचंही काहीतरी होतं. मदत करणाऱ्या संस्थांना म्हणूनच दोन्ही एकत्र हाताळावं लागतं.

कागदावरची ओळख

१९४८च्या युद्धात सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी लोक घरादाराला मुकले. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९४९मध्ये एक वेगळी संस्था उभी केली. तिचं लांबलचक नाव कुणी घेत नाही. इंग्रजी आद्याक्षरं जोडून सगळे तिला ‘उनर्वा’ म्हणतात. मे १९५०मध्ये तिचं काम सुरू झालं. गाझा, वेस्ट बँक, जॉर्डन, लेबनॉन आणि सीरिया या पाच ठिकाणी मिळून तिच्याकडे आज सुमारे ५९ लाख निर्वासितांची नोंद आहे. मुलांच्या लसी, गरोदर बायांची तपासणी, साखर आणि बीपीच्या गोळ्या हे तिच्या दवाखान्यांचं रोजचं काम. थोडक्यात, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखं.

पण ‘पॅलेस्टिनी’ हा एक शब्द असला तरी माणूस कुठे राहतो यावर त्याचं आजारपण ठरतं.

लेबनॉनचं उदाहरण घ्या. तिथे २०१७च्या जनगणनेत सुमारे पावणेदोन लाख पॅलेस्टिनी मोजले गेले. त्यांच्या तीन पिढ्या तिथेच जन्मल्या, तरी त्यांना नागरिकत्व नाही. डॉक्टरी, वकिली यांसारखे अनेक व्यवसाय कायद्यानेच बंद. २००१च्या कायद्यानंतर घर-जमीनही नावावर घेता येत नाही. सरकारी आरोग्य योजनेत त्यांना जागा नाही. बैरुतमधल्या शातिला किंवा बुर्ज अल-बराजनेह छावणीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की डोक्यावर विजेच्या तारा आणि पाण्याचे पाइप एकमेकांत गुंतलेले असतात. शॉक लागून माणसं दगावतात. इथे कॅन्सर झाला तर उनर्वा इस्पितळाच्या बिलाचा काही भाग उचलते, उरलेल्यासाठी कुटुंब उसनवारी करतं. जो मुलगा शिकून डॉक्टर झाला, त्याला बाहेर मोकळेपणाने प्रॅक्टिस करता येत नाही, हे त्याच्या धाकट्या भावाला दिसत असतं. मग तो धाकटा शाळा सोडतो. या शाळा सोडण्याला ‘मानसिक आरोग्याचा प्रश्न’ म्हणायचं की कायद्याचा? मला वाटतं, दोन्ही.

जॉर्डनमध्ये बहुतेक पॅलेस्टिनींना नागरिकत्व आहे, पण १९६७च्या युद्धात गाझाहून आलेल्यांना ते मिळालं नाही. जेराश गावाजवळच्या त्यांच्या छावणीला लोक आजही ‘गाझा छावणी’च म्हणतात. सीरियातली दमास्कसजवळची यरमूक वस्ती तर तिथल्या यादवी युद्धात, २०१३नंतरच्या वेढ्यात, उपासमारीने पोखरून निघाली, आणि तिथले बरेचजण दुसऱ्यांदा निर्वासित होऊन लेबनॉनला आले.

अ, ब, क

वेस्ट बँक समजायला इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेत्यांमध्ये १९९५मध्ये झालेल्या दुसऱ्या ऑस्लो करारातली एक वाटणी माहीत असावी लागते. ‘ए’ भागात पॅलेस्टिनी प्रशासन, ‘बी’ भागात संमिश्र कारभार, आणि ‘सी’ भागात पूर्ण इस्रायली ताबा. ही व्यवस्था पाच वर्षांपुरती होती. ती अजून चालू आहे. ‘सी’ हा वेस्ट बँकचा सुमारे ६० टक्के भाग. तिथे खोली बांधायची, विहीर खणायची, दवाखान्यावर पत्रे टाकायचे, तर इस्रायली लष्करी प्रशासनाचा परवाना लागतो आणि पॅलेस्टिनींना तो सहसा मिळत नाही. विनापरवाना बांधलं की पाडण्याची नोटीस येते.

जेरुसलेमहून जेरिकोकडे उतरणाऱ्या रस्त्यावर खान अल-अहमर ही जहालीन जमातीच्या बदूंची, म्हणजे वाळवंटी पशुपालक अरबांची, वस्ती आहे. या लोकांना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला नेगेव वाळवंटातून हुसकावलं गेलं आणि ते या उतारांवर येऊन राहिले. २००९मध्ये तिथे जुने टायर आणि माती रचून शाळा बांधली गेली, कारण सिमेंटच्या बांधकामाला परवानगीच नव्हती. शाळेची ही गत, तर दवाखाना कुठून उभा राहणार?

म्हणून दवाखान्याला चाकं लावली गेली.

फिरता दवाखाना

१९७९मध्ये काही पॅलेस्टिनी डॉक्टरांनी स्वयंसेवक म्हणून गावोगाव जायला सुरुवात केली. त्यातून ‘पॅलेस्टिनियन मेडिकल रिलीफ सोसायटी’ उभी राहिली. पुढे उनर्वाची फिरती पथकं आली, मसाफर यत्तामध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ची पथकं जाऊ लागली. ‘फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स इस्रायल’ या संस्थेतले इस्रायली डॉक्टरही सुट्टीच्या दिवशी फिरता दवाखाना घेऊन वेस्ट बँकच्या गावांत येतात. ज्यू आणि अरब डॉक्टर एकाच पथकात असतात. या गोष्टीची बातमी फारशी होत नाही, म्हणून मुद्दाम सांगितली.

एका गाडीतून साधारण डॉक्टर, नर्स, सुईण, औषधांची खोकी आणि एक समुपदेशक येतात. एखाद्या शाळेच्या खोलीत किंवा तंबूत दवाखाना मांडला जातो. यातल्या समुपदेशकाकडे नीट लक्ष द्या. तिला वेगळ्या दिवशी, वेगळ्या पाटीखाली बसवलं असतं तर तिच्याकडे फारसं कुणी फिरकलं नसतं. लहान वस्तीत कोण कुठल्या दारात शिरलं हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि ‘डोक्याच्या डॉक्टरकडे गेली’ हा शिक्का पुसता पुसत नाही. हे आपल्याकडेही काही वेगळं नाही. पण बाई बीपी तपासायला आली, नर्सने विचारलं ‘झोप लागते का?’, आणि तिथूनच शेजारच्या खोलीत पाठवलं, तर सासूलाही वावगं वाटत नाही. पोटदुखी, पाठदुखी, छातीत धडधड अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी अनेकांचं खरं दुखणं दुसऱ्याच प्रश्नानंतर बाहेर येतं. शरीर आणि मन एका छताखाली तपासण्याचा आग्रह त्यामुळे आहे.

बाळंतपणाची गोष्टही वाटेशीच बांधलेली आहे. २००० साली दुसरा इंतिफादा, म्हणजे उठाव, सुरू झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत इस्रायली लष्कराच्या चौक्यांवर अडकून साठाहून अधिक बायांची बाळंतपणं तिथेच झाल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांकडे आहे. कित्येक बाळं वाचली नाहीत. त्यानंतर एक वेगळा विचार पुढे आला: बाई इस्पितळापर्यंत येऊ शकत नसेल तर इस्पितळातल्या सुईणीने गावात जावं. २०१३पासून ‘नॉरवॅक’ या नॉर्वेच्या संस्थेच्या साथीने पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालयाने हे सुरू केलं. सरकारी इस्पितळातली सुईण गाडी घेऊन ठरावीक गावांत जाते, गरोदरपणात तीच तपासते आणि बाळंतपणानंतरही तीच घरी येते. ओळखीचा चेहरा असला की बाई जास्त बोलते. मार कुणाचा खाल्ला, हेही सांगते.

परवान्याची चिठ्ठी

छोट्या आजाराला फिरता दवाखाना पुरतो. कॅन्सरला पुरत नाही.

पूर्व जेरुसलेममध्ये पॅलेस्टिनींची सहा इस्पितळं आहेत. त्यातलं ऑलिव्हच्या टेकडीवरचं ऑगस्टा व्हिक्टोरिया हे कॅन्सरवरच्या रेडिएशनसाठी वेस्ट बँक आणि गाझा दोन्हींना वर्षानुवर्षं एकमेव ठिकाण होतं. मुकासेद हे मोठ्या शस्त्रक्रियांचं इस्पितळ. पण जेरुसलेममध्ये शिरायला बाहेरच्या पॅलेस्टिनींना इस्रायलचा परवाना लागतो. आधी डॉक्टरची चिठ्ठी, मग पॅलेस्टिनी मंत्रालयाची खर्चाची हमी, मग इस्पितळाची तारीख, मग परवान्याचा अर्ज, मग उत्तराची वाट. कधी होकार, कधी नकार, आणि कधी काहीच नाही. उत्तर न येणं हे सगळ्यात वाईट, कारण तारीख निघून जाते आणि साखळी पुन्हा पहिल्या कडीपासून जुळवावी लागते. इस्रायल यामागे सुरक्षेचं कारण देतं. २०१७मध्ये गाझातून आलेल्या अर्जांपैकी फक्त ५४ टक्के वेळेत मंजूर झाले. त्याच वर्षी परवान्याची वाट पाहताना ५४ रुग्ण दगावल्याची नोंद आहे, त्यातले बहुसंख्य कॅन्सरचे.

सोबत कोण जाणार, त्यालाही परवाना. तरुण आईबापांना तो मिळणं अवघड, म्हणून गाझातली कितीतरी लहान मुलं केमोथेरपीला आजीबरोबर जात. आजी साठीची, तिला आधुनिक इस्पितळाची रीत ठाऊक नाही, पोराला सुई टोचताना आई हवी असते आणि आई चाळीस-पन्नास मैलांवर फोन धरून बसलेली. कमी दिवसांच्या बाळांच्या आया बाळंत होऊन परवाना संपला म्हणून गाझाला परतल्या आणि बाळ जेरुसलेममध्ये काचेच्या पेटीत राहिलं, असंही घडलं आहे.

वेस्ट बँकच्या रुग्णवाहिकेतून जेरुसलेमला जाणाऱ्या रुग्णाला बहुतेक वेळा चौकीवर एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवतात, कारण पहिलीला पुढे जायची मुभा नसते. सलाइन, ऑक्सिजनसकट, उन्हात किंवा पावसात. दुसरी गाडी येईपर्यंत थांबायचं.

आता विचार करा, या आजीला, या आईला, त्या स्ट्रेचरवरच्या माणसाला आपण कुठल्या मानसिक आजाराचं नाव देणार?

मनाची उतरंड

ज्यांनी जुन्या घरात उतरंड पाहिली आहे त्यांना पुढचं चटकन कळेल. सगळ्यात मोठा रांजण तळाला, त्यावर लहान मडकं, त्यावर आणखी लहान, आणि वर गाडगं. संकटात सापडलेल्या लोकांच्या मानसिक आधारासाठी २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आणि इतर मदत संस्थांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं ठरवली, त्यांचा आकार असाच आहे. तळाचा रांजण म्हणजे पाणी, अन्न, छप्पर, जिवाची शाश्वती. त्यावर कुटुंब, शेजार, शाळा, मशीद, चर्च. त्यावर प्रशिक्षण घेतलेल्या साध्या माणसांचा आधार: शिक्षक, नर्स, आरोग्यसेविका. सगळ्यात वर मानसोपचारतज्ज्ञ आणि औषधं.

यातली अक्कल अशी की संकटात सगळेच हादरतात, पण सगळे आजारी पडत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार युद्धग्रस्त भागात साधारण पाचातल्या एकाला मानसिक विकार असतो, आणि गंभीर आजार त्याहून खूप कमी जणांना. बाकीच्यांना रात्री दचकून जाग येते, पोरं अंथरूण ओलं करतात, माणसं चिडचिडी होतात. बहुतेकांचं हे सुरक्षितता, आपली माणसं आणि रोजचा क्रम परत मिळाला की ओसरत जातं. म्हणून मुलांसाठी खेळ, चित्रं, पतंग, शाळेची घंटा यांना मदत संस्था इतकं महत्त्व देतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, बॉम्बवर्षावात हे खेळ कसले? मुलाच्या दृष्टीने उद्या सकाळी काय होणार हे ठाऊक असणं हाच मोठा धीर असतो.

पहिल्या घटकेच्या मदतीचे तीन शब्द या क्षेत्रात सगळे शिकतात: पाहा, ऐका, जोडून द्या. आधी धोका आणि निकड पाहायची, मग माणूस जेवढं सांगेल तेवढंच ऐकायचं, मग त्याला नातेवाईक, अन्न, दवाखाना यांच्याशी जोडून द्यायचं. ‘काय काय पाहिलंस ते सगळं सांग’ म्हणून कोरून कोरून विचारणं टाळायचं असतं. एकाच बैठकीत सगळं ओकून टाकायला लावण्याने फायदा होत नाही आणि काहींना त्रासच वाढतो, हे अभ्यासांतून दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत वापरू नये असं सांगितलं. कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांनीही हे शिकून घ्यायला हवं.

आणि उतरंडीचा तळचा रांजणच कुणी काढून घेतला तर? वरचं गाडगं कितीही पक्कं असो.

‘नंतर’ येतच नाही तेव्हा

मोठ्या धक्क्यानंतर दीर्घकाळ राहणाऱ्या त्रासाला वैद्यकात ‘पीटीएसडी’ म्हणतात. त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थच ‘नंतर’. पॅलेस्टिनी आरोग्य मंत्रालयाच्या मानसिक आरोग्य विभागाच्या प्रमुख राहिलेल्या डॉ. समाह जाबर अनेक वर्षं एक साधी गोष्ट सांगत आल्या आहेत: आमच्याकडे ते ‘नंतर’ येतच नाही. अपघातातून वाचलेला माणूस घरी येऊनही हॉर्न ऐकून घाबरतो तेव्हा डॉक्टर त्याला समजावतो, ‘आता तू सुरक्षित आहेस.’ ज्याच्या दारावर गेल्या महिन्यात रात्री लष्कर आलं आणि पुढच्या महिन्यातही येऊ शकतं, त्याला हे वाक्य सांगणं म्हणजे खोटं बोलणं. त्याची सावध झोप हा आजार म्हणावा की शहाणपण, हे ठरवणं कठीण आहे.

वेस्ट बँकमधल्या बिरझेत विद्यापीठातल्या संशोधक रीता जकामान यांनी आणखी एक बाजू दाखवली. २००७च्या त्यांच्या अभ्यासात पॅलेस्टिनी किशोरवयीन मुलांच्या शारीरिक तक्रारींचा संबंध अपमानाशी जोडलेला दिसला: चौकीवर थांबवून ठेवणं, डोळ्यांदेखत वडिलांना खाली मान घालायला लावणं. रक्त दिसत नाही, हाड मोडत नाही, म्हणून ही जखम कुठल्या नोंदवहीत चढत नाही. पण बापाचा अपमान पाहिलेला मुलगा आयुष्यभर ते विसरत नाही, हे समजायला आपल्याला तरी संशोधनाची गरज पडू नये.

तिथली माणसं स्वतः काय शब्द वापरतात? ‘नफ्सी ताबाना’, म्हणजे माझा जीव थकलाय. छाती आवळल्यासारखी होते त्याला ‘दीक’. आणि एक शब्द ‘कहर’. आपल्याकडे हाच अरबी शब्द फारसीमार्गे येऊन ‘कहर झाला’ असा रुळला. तिथे त्याचा अर्थ वेगळा उतरतो: अन्याय झाला, आपल्याला काही करता आलं नाही, आणि ती चीड आतच गोठली, ती अवस्था. समुपदेशकाला हे शब्द कळले नाहीत तर तो ‘डिप्रेशन’ लिहून मोकळा होईल आणि निम्मी गोष्ट निसटेल.

याच्या जोडीला ‘सुमूद’ आहे. तग धरणं, जागा न सोडणं. १९७६मध्ये बैरुतजवळच्या तल अल-झातर छावणीत कत्तल झाली, तिथल्या अनाथ मुलांसाठी निघालेल्या संस्थेचं नावच ‘बैत अतफाल अस-सुमूद’, तग धरणाऱ्या मुलांचं घर. ही संस्था आज लेबनॉनच्या छावण्यांमध्ये कुटुंबांसाठी मानसिक आधाराची केंद्रं चालवते. सुमूदमधून माणसांना खरंच बळ मिळतं. मात्र त्याचं ओझंही होतं, असं मला वाटतं. सगळं गाव ज्याला खंबीर म्हणतं त्या माणसाने ‘मला आता झेपत नाही’ हे कुणाजवळ म्हणायचं? चांगला समुपदेशक त्या खंबीरपणाला धक्का न लावता हे वाक्य उच्चारायला जागा करून देतो.

गाझा

डॉ. इयाद अल-सर्राज हे गाझातले पहिले मानसोपचारतज्ज्ञ मानले जातात. पहिल्या इंतिफादाच्या काळात, १९९०मध्ये, त्यांनी ‘गाझा कम्युनिटी मेंटल हेल्थ प्रोग्राम’ सुरू केला. रुग्णाला वेड्यांच्या इस्पितळात डांबण्यापेक्षा वस्तीतल्या केंद्रात आणि घरी जाऊन उपचार करायचे, असा त्यांचा आग्रह होता. २०१३च्या डिसेंबरमध्ये ते गेले. संस्था चालू राहिली.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्रायलवर हल्ला केला. सुमारे १२०० माणसं मारली गेली आणि २५० जणांना ओलीस नेलं गेलं. त्यानंतरच्या इस्रायली हल्ल्यांत, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार, ऑक्टोबर २०२५च्या युद्धविरामापर्यंत ६७ हजारांहून जास्त माणसं मेली. डॉक्टरांच्या कागदांवर मुलांसाठी एक नवं इंग्रजी लघुरूप आलं. त्याचा अर्थ: ‘जखमी मूल, कुटुंबातलं कुणी हयात नाही’. अशा मुलावर शस्त्रक्रिया करणारा सर्जन आणि नंतर त्याच्या उशाशी बसणारं माणूस, दोघांचं काम सारखंच तातडीचं आहे.

जुलै २०२४मध्ये सांडपाण्यात पोलिओचा विषाणू सापडला. ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाचा पाय लुळा पडला, पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच. सप्टेंबरमध्ये ठरावीक तासांपुरता गोळीबार थांबवून दहा वर्षांखालच्या सुमारे ५ लाख ६० हजार मुलांना थेंब पाजले गेले. रस्ते उखडलेले, घरं पडलेली, तरी आया पोरांना कडेवर घेऊन रांगेत आल्या. वाट काही तासांसाठी मोकळी झाली तर काय होऊ शकतं, याचा याहून ठळक पुरावा मला माहीत नाही.

पैसा आणि राजकारण

जानेवारी २०२४मध्ये इस्रायलने उनर्वाच्या काही कर्मचाऱ्यांवर ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात सामील असल्याचा आरोप केला आणि अनेक देशांनी निधी रोखला. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनंतर नऊ जणांना काढण्यात आलं. बहुतेक देशांनी पुढे निधी पुन्हा चालू केला, अमेरिकेने केला नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये इस्रायलच्या संसदेने उनर्वाला मनाई करणारे कायदे केले, ते जानेवारी २०२५च्या अखेरीस लागू झाले. संस्थेत सुमारे ३० हजार माणसं काम करतात. नऊ जणांचा दोष आणि मधुमेहाच्या गोळीसाठी येणारी म्हातारी यांचा हिशेब एकाच पानावर मांडला जातो, हे मला पटत नाही.

भारत उनर्वाला दरवर्षी ५० लाख डॉलर देत आला आहे आणि ऑक्टोबर २०२४मध्ये औषधं आणि अन्नाची खेपही पाठवली. म्हणजे त्या दवाखान्यांतल्या एखाद्या गोळीत आपल्याही कराचा कण आहे.

२०२५च्या जानेवारीपासून वेस्ट बँकच्या उत्तरेत जेनिन, तुलकरम आणि नूर शम्स या छावण्यांतून लष्करी कारवाईमुळे सुमारे ४० हजार लोक बाहेर फेकले गेले. छावणीतला दवाखाना त्यांच्या हाकेच्या अंतरावर होता. आता ते शाळांत, नातेवाइकांकडे, भाड्याच्या खोल्यांत विखुरलेत, आणि पथकांना त्यांना शोधत फिरावं लागतं. शोधणारी नर्स बहुधा त्यांच्यासारखीच निर्वासित कुटुंबातली असते. गाझात उनर्वाचे तीनशेहून अधिक कर्मचारी मारले गेले, तिथले समुपदेशक स्वतः तंबूत राहतात. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा फोनवर बैठक ठेवण्याची रीत आता मदतीच्या आराखड्यात लिहिलेली असते. त्या बैठकीत कामाचा अहवाल नंतर घ्यायचा. आधी विचारायचं: जेवलीस का, घरातले कुठे आहेत, काल रात्री झोप लागली का.